ही बॅग कुणाची?

गेल्या वर्षीच्या आषाढातली रात्र. पणजीहून पुण्याला निघालेली बस. म्हापसा मागे पडलं, पेडणे गेलं आणि पाऊस असा काही लागला की खिडकीबाहेर रस्ता आहे की नदी ते कळेना. हद्द ओलांडल्यावर एका तपासणी नाक्यावर बस थांबली. गोव्यातून रात्रीच्या बसने बाहेर पडणाऱ्यांना हे थांबणं काही नवं नाही. दारूच्या बाटल्यांसाठी डिकी उघडतात, दोन-चार बॅगा चाचपतात, बस सुटते. त्या रात्री मात्र सगळ्यांना खाली उतरवलं. अर्धवट झोपेतली माणसं, डोक्यावरून ओढलेल्या ओढण्या, ओल्या डांबराचा आणि डिझेलचा वास. एक तरुण शिपाई डिकीत टॉर्च मारून एकेका बॅगेवर हात ठेवत विचारत होता, “ही कुणाची?” गर्दीतून कुणीतरी “माझी” म्हणायचं, तो पुढे जायचा. तसं करत करत तो एका काळ्या बॅगेपाशी आला. “ही काळी कुणाची?” कुणी बोललं नाही. त्याने पुन्हा विचारलं, या वेळी जरा चढ्या आवाजात. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मीही बघत होते. बेवारशी बॅग म्हटल्यावर सगळे नकळत एकेक पाऊल मागे सरकले, मीही सरकले. शिपायाने बॅग पट्ट्याला धरून बाहेर ओढली, तिच्या बाजूची पुसट झालेली पांढरी अक्षरं उजेडात आली, आणि मग माझ्या पोटात खड्डा पडला. ती माझी होती.

मी हात वर केला तेव्हा घशातून शब्द फुटेना. शिपाई माझ्या भाच्याच्या वयाचा असेल. रागावला नाही. “ताई, आपली बॅग आपल्याला ओळखायला येत नाही?” एवढंच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात संशय नव्हता, खरंच नवल होतं. मग त्याने ती उघडायला सांगितली. वरची चेन आखूड होती, वीतभरच तोंड उघडायचं. तळाचं काही बघायचं म्हणजे वरचं सगळं बाहेर काढणं आलं. माझे कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या, आईसाठी घेतलेली आमसुलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बांगडे, टॉवेल, आतले कपडे, सगळं चाळीस माणसांसमोर डिकीच्या ओल्या कडेवर मांडावं लागलं. परत भरताना चेन मागून उसवत गेली. पुण्यापर्यंत ती बॅग मी मांडीवर, ओढणीने बांधून नेली. कपड्यांना बांगड्यांचा वास लागला होता, पण मला झोप न येण्याचं कारण ते नव्हतं.

मला माझी बॅग ओळखता आली नव्हती.

माझं काम हिशेब तपासण्याचं. पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी, कधी मुंबई. दोन दिवस, तीन दिवस, फार तर चार. हिशेबाच्या माणसाला मोजायची सवय असते, म्हणून त्या प्रवासाहून आल्यावर मी डायरी काढून बसले. मागच्या वर्षभरात मी ३१ वेळा घराबाहेर पडले होते. ३१ वेळा सामान भरलं, ३१ वेळा रिकामं केलं. आणि मग माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या. एक यजमानांच्या कचेरीतून दिवाळीला मिळालेली, तीच ही काळी. एक मुलाची शाळेच्या सहलीची, तिच्यावर त्याचं घरचं नाव पेनाने लिहिलेलं. एक कुठल्याशा परिषदेत कागदपत्रांसोबत वाटलेली. एक नणंदेची, ती विमानाने जाताना वजन जास्त झालं म्हणून आमच्याकडे ठेवून गेलेली. बावीस वर्षं मी फिरते आहे. सासरी, माहेरी, कामाला, लग्नाकार्याला, दवाखान्यात आईला सोबत म्हणून. सगळ्यांच्या बॅगा मी भरून दिल्या. आणि स्वतःसाठी म्हणून दुकानात जाऊन, हात लावून, निवडून घेतलेली बॅग त्या ढिगात एकही नव्हती. माळ्यावरची धूळ नाकात गेली म्हणून शिंका येत होत्या. त्यातच डोळ्यांत पाणीही आलं. कशाचं होतं ते मी शोधायला गेले नाही.

बाबांची ट्रंक आठवली. कोकण रेल्वे १९९८ साली पुरती सुरू होण्याच्या कितीतरी आधी बाबा मुंबईला नोकरीला होते. भाऊच्या धक्क्याहून पणजीच्या धक्क्यावर बोटीने यायचे. हिरव्या पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं त्यांचं पूर्ण नाव आणि खाली गावाचं. अक्षरं एखाद्या रंगाऱ्याकडून काढून घेतलेली, वळणदार. हमालाच्या डोक्यावर दहा ट्रंका असल्या तरी आमची लांबून दिसायची, आणि मी धक्क्यावरून ओरडायचे, “ती आमची!” ट्रंक जड होती, कोपरे टोचायचे, पाठीला रग लागायची. तिची थोरवी गायची म्हणून हे सांगत नाही. पण ती कुणाची, हा प्रश्न कधी पडला नाही.

शेजारी एक तारवटी अंकल राहायचे. उभा जन्म बोटीवर गेलेला. जहाज मिळेपर्यंत मुंबईत धोबी तलावाजवळ आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात मुक्काम असायचा. त्या कुडीत भिंतीला लावून ट्रंकांची रांग, प्रत्येकाची ट्रंक म्हणजेच त्याचं कपाट, त्याचं बसायचं बाकडं आणि त्याचं घर, असं ते सांगायचे. जहाजावर मात्र ते ट्रंक नेत नसत. त्यांच्याकडे जाड कॅनव्हासची, उभ्या नळकांड्यासारखी लांब पिशवी होती. तोंडाशी पितळी कड्या, त्यातून ओवलेली दोरी, दोरीला कुलूप. सुटीवर आले की ती व्हरांड्यात उन्हात उलटी टांगलेली दिसायची. तिला मीठ, तंबाखू आणि इंजिनाच्या तेलाचा वास यायचा. एकदा त्यांनी मला समोर बसवून ती भरून दाखवली. शर्ट घडी न घालता सुरळी करून, एकावर एक नाही तर एकाशेजारी एक. “निमाणें लागता तें पयलें भर,” ते म्हणाले. शेवटी जे लागणार ते आधी भर. मी दहा वर्षांची असेन. आजही बॅग भरताना ते वाक्य मनात येतं. त्यांची पिशवी भरायला सोपी होती, उघडायला अवघड. तळातला मोजा हवा तर सगळी रिकामी करावी लागे. नाक्यावर मी नेमकं तेच करत उभी होते, फक्त त्यांच्यासारखं तळात काय आहे ते तोंडपाठ नसताना.

मग मी ठरवलं की बॅग घ्यायची. चाकांची नाही, हे आधी ठरलं. चाकांची माझ्याकडे होती, दोन वर्षं वापरली. विमानतळाच्या फरशीवर ती मागून येत राहते, हाताला भार लागत नाही, हे मान्य. पण माझा प्रवास फरशीवरचा नाही. थिवीला गाडी जेमतेम थांबते, डबा कधी शेडच्या पलीकडे लागतो, पुढे जिन्याचा पूल. जून ते सप्टेंबर आमच्या घराच्या वाटेवर चिऱ्याचा तांबडा चिखल असतो, तो चाकांच्या खोबणीत बसतो आणि मग ज्याच्या घरी उतरावं त्याच्या पांढऱ्या लादीवर दोन तांबड्या रेघा ओढत आपण आत जातो. भावजय काही बोलली नाही, फडकं घेऊन पुसत राहिली. मला ते फार लागलं. शिवाय वजनाचा हिशेब. देशातल्या विमानात हातातलं सामान ७ किलो. चाकं, दांडा, कडक कवच यांचंच अडीच-तीन किलो होतं. म्हणजे सात किलोंतलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त वजन मी बॅगेसाठीच वाहायचं. मऊ, बिनचाकांची लांबट कापडी बॅग, म्हणजे डफल, किलोभरात बसते. वाचलेल्या दीड-दोन किलोंत आईसाठी उकडे तांदूळ जातात.

‘डफल’ हा शब्द मला आधी इंग्रजी वाटायचा. मग कळलं की डफल हे बेल्जियममधलं, अँटवर्पजवळचं एक गाव. तिथं जाड लोकरी कापड विणलं जायचं, त्या कापडाला गावाचं नाव पडलं, कापडाचा कोट झाला, पिशवी झाली, आणि पुढे कापड बदललं तरी पिशवीचं नाव तेच राहिलं. हे वाचून मला ती वस्तू एकदम ओळखीची वाटू लागली. आपल्याकडे पैठणची पैठणी, इलकलचं इरकल. मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडाची तर जगभर डंगरी झाली. गाव सोडून माल जातो तेव्हा तो गावाचं नाव बरोबर घेऊन जातो. आमची पिढी गाव सोडते तेव्हा काय घेऊन जाते, असा विचार करत मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

कापडापाशी मी सर्वांत जास्त अडले. मला मनातून कॅनव्हास हवं होतं. रंगाने मातकट, चामड्याचे पट्टे, पितळी कड्या. ज्याने त्याने आयुष्यात एकदा तरी तशी बॅग खांद्याला लावून आरशात बघितलेलं असतं. पण गोव्याचा पावसाळा मला ठाऊक आहे. इथे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कपाटात बारका दिवा लावून ठेवावा लागतो, नाहीतर रेशमी साड्यांना कुबट वास येतो. यजमानांचा चामड्याचा पट्टा दर श्रावणात पांढरा होतो, पुसला की जातो, आठ दिवसांनी परत. सुती कॅनव्हास भिजलं की धागे फुगतात, वीण घट्ट होते, पाणी सहसा आत येत नाही. जुने तंबू त्याच गुणावर उभे राहत. पण एकदा भिजलेलं कॅनव्हास आमच्या हवेत चार-चार दिवस वाळत नाही, आणि मला तर शनिवारी परत येऊन सोमवारी निघायचं असतं. तारवटी अंकल पिशवी उन्हात टांगायचे. त्यांची सुटी महिन्या-महिन्याची होती, माझी एक रविवार.

चामड्यासारखं दिसणारं रेक्झिन तर मी आधीच भोगलं होतं. नणंदेची ती बॅग तशीच. दिसायला दृष्ट लागावी अशी. दोन पावसाळ्यांनी तिचा पट्टा चिकट झाला, मग पापुद्रे सुटू लागले. कोल्हापूरला एका कचेरीत पांढऱ्या कुडत्यावर काळे पापुद्रे घेऊन मी दिवसभर बसले होते आणि कुणी सांगितलं नाही. त्या कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेतल्या पाण्यानेच हळूहळू तुटतो. वापरा किंवा नुसतं माळ्यावर ठेवा, त्याचं आयुष्य सरतच राहतं. कोरड्या गावात वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू समुद्राकाठी दोन वर्षांत जाते, यात विकणाऱ्याचीच लबाडी असते असं नाही. पण आपण कुठे राहतो याचं भान घेणाऱ्याने ठेवायलाच हवं, हे मला फार तळमळून सांगावंसं वाटतं. पुण्याची मैत्रीण जी बॅग छान म्हणते ती म्हापशात छान असेलच असं नाही. कड्यांचंही तसंच. खारी हवा मुलामा आधी खाते, मग आतला हलका धातू पांढरट होऊन भुरभुरतो.

चेनबद्दलचं शहाणपण मला पणजीच्या बाजारात बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून मिळालं. काळी बॅग मी त्याच्याकडे नेली होती. त्याने चष्मा कपाळावर चढवून चेन डोळ्यांशी नेली, दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “बाई, चेन गेली म्हणतात सगळे. चेन जात नाही, रनर जातो.” पुढे-मागे ओढून ओढून रनरचं तोंड सैल पडतं, मग तो दात धरून ठेवू शकत नाही, मागून उसवत जातं. त्याने पकडीने रनरच्या दोन्ही बाजू हलकेच दाबल्या, आणि जी चेन मी मेली म्हणून आणली होती ती बंद झाली. “हे दोन महिने चालेल. मग रनर बदलायचा.” त्याच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या बॅगांचे काढलेले रनर होते, लहान-मोठे, बोटांनी चाळवले की खळखळ वाजणारे. त्याने एक वेचून माझ्या तळहातावर ठेवला, त्यावर वायकेके अशी अक्षरं होती. ताडाओ योशिदा नावाच्या माणसाने १९३४ साली तोक्योत सुरू केलेल्या धंद्याची ती खूण. “हा रनर मी तीन बॅगांना लावला,” तो म्हणाला. “बॅगा गेल्या, हा आहे.” त्याचा सल्ला असा: चेन नायलॉनच्या गुंडाळीची घे, धातूच्या दातांची नको, इथे गंजते. दात जाड हवेत. रनर दोन हवेत, समोरासमोर येणारे, म्हणजे एकाने दगा दिला तरी दुसऱ्यावर घर गाठता येतं. आणि चेन वाकडी-तिकडी नको, वळणावर रनरला त्रास होतो. मी पैसे विचारले तर वीस रुपये म्हणाला. मी पन्नास दिले. त्याने तीस परत केले.

शुक्रवारी म्हापशाला गेले. बाजाराचा दिवस, पावसाने जरा उघडीप दिलेली, वेलची केळ्यांचे लोंगर, मिठातलं तोर, सुक्या सुंगटांचे ढीग, झेंडूचे हार, आणि त्या सगळ्यातून वाट काढत मी एका बॅगांच्या दुकानात शिरले. हातात कापडी पिशवी होती, तिच्यात माझं खरं सामान. दोन दिवसांचे कपडे, टॉवेल, औषधांची डबी, चपलांचा जोड, लॅपटॉप, चार्जर, छत्री, आणि आईसाठीचा एक नारळ. घरी काट्यावर तोलून नेलं होतं, सहा किलो. दुकानदाराने बॅग काढून दाखवली की आत कोंबलेले कागद असतात, त्याने ती टुमटुमीत दिसते. मी कागद काढून माझं सामान भरायचे. पहिल्यांदा तो जरा नाराज झाला. तिसऱ्या बॅगेला स्वतःच नारळ आत ठेवू लागला. “नारळ तळाला ठेवा, तोल राहतो,” असंही म्हणाला.

असं भरून बघितल्यावर कळतं. ढोलकीसारखी गोल बॅग रिकामी असताना डौलदार दिसते, पण भरली की लोळते, आणि तिच्या गोल पोटात लॅपटॉप कुठेच सरळ बसत नाही. चपलांसाठी वेगळा कप्पा असलेल्या बॅगेत चपला घातल्या की तो कप्पा आतून फुगून कपड्यांची जागा खातो. दहा कप्प्यांच्या बॅगेत चष्मा कुठल्या कप्प्यात ठेवला हे आठवण्यातच स्टेशन येतं. पट्टे फक्त बाजूला दोन टाक्यांनी अडकवलेले असतात, की नवार तळाखालून पूर्ण फिरवून आणलेली असते, हे उलटं करून बघावं लागतं. नवार तळाखालून गेली असेल तर वजन पट्टा उचलतो, शिवण नाही. पट्टा जिथे शिवलाय तिथे चौकोन आणि चौकोनात फुली असा टाका हवा. दुकानदाराने हे सगळं मला दाखवून दिलं, कारण तोवर त्यालाही गोडी लागली होती. आणि डेनियर हा शब्द त्यानेच काढला. तो मी घरी येऊन पाहिला. ९००० मीटर धागा घेतला तर त्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. ६०० डेनियरचा पॉलिएस्टर म्हणजे नऊ किलोमीटर धाग्याचं वजन ६०० ग्रॅम. इतका साधा, इतका सुंदर हिशेब. आमच्या घरापासून फेरीच्या धक्क्यापर्यंत धागा ताणला तर तो तळहातावर किती जड लागेल, असं मी मनात तोलून बघत राहिले.

जी घेतली ती ५० सेंटिमीटर लांब, २८ उंच, २५ रुंद. गुणाकार केला तर बरोबर ३५ लिटर. विमानातल्या ५५, ३५, २५ च्या चौकटीतही सहज बसते. जाड विणीचं नायलॉन, वरची चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली वळलेली, त्यामुळे झाकण पेटीसारखं पूर्ण उघडतं आणि सगळं सामान एका नजरेत दिसतं. वळण आहे खरं, कारागीर नको म्हणाला होता, पण ते सैल, मोठ्या गोलाईचं आहे. आत अस्तर फिकट राखाडी. काळ्या अस्तरात काळा चार्जर शोधणं म्हणजे अमावस्येला मांजर शोधणं. बाजूला एक ओला कप्पा, छत्रीसाठी. साडेतीन हजार रुपये. इतके पैसे मी स्वतःच्या बॅगेवर कधी घातले नव्हते.

आणि रंग तांबडा.

या रंगावर मी दुकानात सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि त्याबद्दल मनात जी अढी होती ती इथे लिहायलाच हवी. काळी, निळी, करडी समोर होती. “मळत नाही,” दुकानदार म्हणाला. घरीही हेच ऐकलं असतं. या वयात तांबडी? कामाला जाताना? मी ती खांद्याला लावून आरशात बघितलं. चिऱ्याच्या दगडासारखा रंग, भिजलेल्या चिऱ्यासारखा, आमच्या घराच्या गडग्याचा पहिल्या पावसात होतो तसा. ती मला फार आवडली. आवडली हे कारण पुरेसं आहे का, असा प्रश्न मला पडला, आणि मग वाटलं, ३१ वेळा मी हिच्याबरोबर एकटी असणार. अनोळखी विश्रामगृहाच्या खोलीत, पहाटेच्या स्टेशनावर, दवाखान्याच्या बाकावर. आपलं म्हणून दुसरं काही तिथे नसतं. जी वस्तू इतकी सोबत करणार ती डोळ्यांना बरी वाटावी ही हौस नाही, ती गरजच आहे. भांडं निवडताना आपण ते बघतो, कुंडी निवडताना बघतो. आणि डिकीतल्या वीस काळ्या बॅगांत ती दिसेल. त्या रात्रीचा टॉर्च माझ्या डोळ्यांसमोर होता.

घरी आणल्यावर आत वर्तमानपत्र भरून ती व्हरांड्याच्या पागोळ्यांखाली दहा मिनिटं ठेवली. यजमान दारातून बघत होते, काही म्हणाले नाहीत, आत जाऊन घड्याळ घेऊन आले. कागद कोरडे निघाले, फक्त चेनच्या दोन टोकांशी ओल होती. पाणी कापडातून शिरत नाही, चेनमधून आणि शिवणीच्या भोकांतून शिरतं. म्हणून कपडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत, ही सवय मी मोडली नाही. सगळं मनासारखं झालं असंही नाही. खांद्याच्या पट्ट्यावरची गादी सरकते, दर शंभर पावलांनी जागेवर आणावी लागते. बाहेरचा कप्पा लहान, तिकिटाची वही मावत नाही. उजवा खांदा दुखायचा तो दुखतोच, आता मी डाव्यावर घ्यायची आठवण ठेवते.

काळी बॅग टाकली नाही. तिच्यात चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या दोऱ्या आणि मखराचं कापड ठेवलंय. रनर बदलून घेतला.

पुण्याला आईने नवी बॅग बघितली तेव्हा तिने साडीचा पोत बघतात तसं कापड चिमटीत धरून चोळलं. आई आता पंच्याऐंशीची, भावाकडे असते. नजर अधू झालीय, त्यामुळे हातांनीच बघते. चेन उघडून आत हात घातला, कोपऱ्यांपर्यंत नेला. “उघडते छान,” म्हणाली. मग विचारलं, “कुणी दिली?” मी म्हटलं, “मी घेतली.” ती थोडा वेळ गप्प राहिली. “मी कधी घेतली नाही गं,” म्हणाली. “तुझ्या बाबांची ट्रंक होती ना.” त्या ट्रंकेत तिचे कपडे कुठे असायचे ते मला तेव्हा आठवेना. खूप विचार केला. बाबांचे शर्ट आठवले, आमचे फ्रॉक आठवले, खाऊचे डबे आठवले. आईची लुगडी बहुतेक बोचक्यात असायची, वेगळी, तिच्या काखेत. रात्री तिने मला उठवून बॅग आणायला लावली आणि स्वतःच्या हाताने बाकरवडीचा पुडा, मेतकुटाची बरणी आणि डाळिंबी रंगाची तिची एक जुनी साडी आत ठेवली. बरणी तळाला, साडी वर. मऊ बॅगेला पोट असतं, तिने ते सगळं घेतलं. झाकण आईनेच लावलं, दोन्ही रनर मध्यावर आणून टेकवले आणि ते टेकले की नाही हे बोटाने दोनदा बघितलं.

परतीच्या बसला कुठल्याच नाक्यावर कुणी थांबवलं नाही. पहाटे पणजीला उतरले तेव्हा बारीक पाऊस होता, मांडवीवरून गार वारा येत होता, स्टँडच्या कडेला पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजत होता. डिकीभोवती माणसं दाटली, जो तो आपापल्या काळ्या-निळ्या बॅगेकडे बोट दाखवत होता. मी मागेच उभी होते, छत्री उघडत. क्लीनरने आत वाकून तांबडी बॅग ओढली, चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि सरळ माझ्याकडे आला.

“ही तुमची मगो?”

“म्हजी,” मी म्हटलं.